काजव्यांच्या हंगामात गाड्या लावून घेताय? या चुका टाळा

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या आमच्या गावांमधली पोरं जुन्या पत्र्यावर चुन्याने ‘पार्किंग’ लिहायला घेतात. घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुरशेत, सगळीकडे तेच. सादडा-हिरड्याच्या झाडांवर काजवे लखलखायला लागले की शनिवारी मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या येणारच. हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, चार पैसे मिळतात, मिळू देत. पण दरवर्षी चुका त्याच, फक्त करणारे नवे.

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती खाचरात गाड्या घेण्याची चूक, आणि तीही एकाच वाटेने. उन्हाळ्यात भातखाचर कोब्यासारखं टणक दिसतं. पण ते बांधलेलंच असतं पाणी धरायला, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतं!

काही वर्षांपूर्वी आमच्या भावकीतल्या पोरांनी रस्त्याकडचा बांध दहा फूट फोडला आणि खाचर गच्च भरलं. साडेनऊला पाऊस कोसळला. तोंडाशी लावलेली गाडी निघायला गेली, चाक जागच्या जागी गरगरलं आणि बंपरपर्यंत रुतली. तिच्यामागे साठ-सत्तर गाड्या. ट्रॅक्टर कुठाय म्हणून विचारलं, तर तोही खाचरात, पार मागच्या बांधाला. त्याला आज काय काम, म्हणून तिथे लावलेला. शेवटी वरच्या वाडीतून दुसरा आणला आणि टोचन लावून एकेक गाडी ओढली. पहाटेचे चार वाजले. रस्त्यावर मुक्कामी एसटी अडकून पडलेली. ड्रायव्हर खाली उतरला आणि मला म्हणाला, “दादा, एक पावती माझ्या नावानं पण फाडा. रात्रभर इथंच लावलीय.” लावणीआधी चुलत्याला बांध नव्याने घालावा लागला, ते वेगळंच.

तेव्हापासून मी खाचराच्या नादाला लागत नाही. माळ किंवा वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन), जिथे खाली मुरूम लागतो तीच जागा. यायची वाट एक, जायची दुसरी. दुसरी निघत नसेल तर तिथे पार्किंग नाही, वाद घालायचा नाही. प्रत्येक गाडी रिव्हर्स घेऊन, तोंड वाटेकडे करूनच लावून घेतो. लोक कुरकुरतात, “काका, पटकन लावतो ना.” येताना उजेड असतो, माणूस ताजा असतो. रात्री अकराला मागच्या सीटवर पोर रडत असताना अंधारात रिव्हर्स घेताना ह्याच मंडळींची पटकन कशी होते, ते मी पाहिलंय. मोजमापाचं म्हणाल तर फिरायची वाट धरून गुंठ्यात चार गाड्या बसतात. मी तीनच धरतो.

दुसरी चूक म्हणजे रस्त्याच्या तोंडावर टेबल टाकून पावती फाडणं. पाचशेची नोट, सुट्टे नाहीत, ऑनलाइन करू म्हटलं तर रेंज नाही. गाडीमागे एक मिनिट धरलं तरी तासाला साठच गाड्या आत जाणार, आणि अंधार पडायच्या सुमाराला त्या एकदमच येतात. तीस खोळंबल्या की दोनशे मीटरचं शेपूट, तेही एकेरी रस्त्यावर. आधी गाडी आत घ्या, इंजिन बंद होऊ द्या, मग काचेपाशी जाऊन पैसे मागा. एखादा बुडवेल. बुडवू दे.

साईडपट्टीवर एकही गाडी नको. पहिली लागली की तासाभरात रांग लागते. फक्कीच्या रेघा पहिल्या सरीत जातात, खुंट्या ठोकून सुतळी बांधा. हेडलाइट झाडांवर पडू देऊ नका. उजेडात काजव्यांच्या नर-मादीला एकमेकांची चमक दिसत नाही, आणि आलेल्यांना काजवे. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावा. शिट्टी एकाच्याच हातात ठेवा, सहा जण फुंकायला लागले की ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नाही.

हल्ली नवीन टूम निघालीय, “कासला बसने नेतात तसं करू.” करा की. पण कास पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी ठेवली, त्यासोबत ती बस आहे. आमच्या पोरांना बस पाहिजे, मर्यादा नको. मग खालची गर्दी तेवढी वर नेऊन सोडायची, आणि अकरा वाजता सगळ्यांना एकदम खाली यायचं असतं तेव्हा बसच्या दारात रेटारेटी. त्यापेक्षा जागा भरली की खालच्या फाट्यावरच माणूस उभा करून गाड्या परत पाठवायच्या. ह्या कामाला पोरगं नको, मिशा पिकलेला माणूस द्या. त्याच्याशी लोक कमी भांडतात.

आमचा ट्रॅक्टर आता शनिवारी संध्याकाळपासून रस्त्याकडे तोंड करून घराच्या अंगणात असतो. डिझेल भरलेलं, टोचन सीटखाली, चावी माझ्या खिशात.