सागुन्जा शिकताय? या चुका टाळा

प्लम, ऑर्किड, शेवंती आणि बांबू म्हणजे कोरियन शाईचित्रांतले चार सज्जन, सागुन्जा. दिसायला सोपे, म्हणून पहिल्याच आठवड्यात बांबूचं बन काढायला बसणारे खूप. बहुतेकांचं कुंपण होतं.

कालची शाई आज वापरणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शाईकांडी म्हणजे काजळी आणि सरस. घोटलेली शाई रात्रभर राहिली की सरस नासू लागतो आणि काजळीला धरून ठेवणारं काही उरत नाही. चित्र सुकल्यावर मात्र छान दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग ते मढवायला जातं. तिथे कागद ओला करून मागून पातळ खळ लावतात, आणि महिनाभर खपून काढलेल्या बांबूच्या पानांभोवती करडं धुकं पसरतं. कुंचल्याने डाग पुसायला गेलात तर तो आणखी पसरतो. मढवणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही, दोष घरून आलेला असतो.

शाई घोटायच्या दगडावर चमचाभर पाणी घ्या, कांडी न दाबता दहा-पंधरा मिनिटं गोल फिरवा. जोर लावला तर शाई खरबरीत होते. उरलेली शाई फेका, दगड धुवा, कांडी पुसून ठेवा. ओली कांडी दगडावर विसरलात तर ती चिकटून बसते. बाटलीतली शाई सोयीची खरी, पण भरमसाट पाणी घातलं की तीही मढवताना सुटते. शंका असेल तर रद्दी कागदावर एक फटकारा मारा, पूर्ण दिवस सुकू द्या, मग ओल्या कुंचल्याने घासून बघा.

ऑर्किडचं पान डागडुजी करून सुधारणं. ह्वासॉन्जी कागद शाई लगेच पितो. दुसऱ्यांदा फिरवलेल्या कुंचल्याची कड वेगळी उमटते आणि पान ठिगळ लावल्यासारखं दिसतं. पान एका दमात यायला हवं: सुरुवात खिळ्याच्या डोक्यासारखी, मध्ये प्रार्थनाकीटकाच्या (मॅन्टिसच्या) पोटासारखा फुगवटा, शेवट उंदराच्या शेपटीसारखा. कुंचला उभा धरा, मनगट नाही तर अख्खा हात हलवा. दुसरं पान पहिल्याला ओलांडून फिनिक्स पक्ष्याच्या डोळ्यासारखा आकार तयार करतं, तिसरं त्या डोळ्यातून आरपार जातं. आधी नुसतं पहिलं पान शंभर वेळा काढा. फुलांची घाई कशाला?

बांबूचं खोड एका ओढीत काढणं. बुंध्यापासून वर जा, प्रत्येक पेराशी थांबा, बारीक फट सोडा. २००९ पासूनच्या ५०,००० वॉनच्या कोरियन नोटेमागे जुन्या काळचा चित्रकार यी जंग याचा वाऱ्यातला बांबू आहे. त्यात मागची रोपं फिकट आहेत, सगळी सारख्या काळ्या रंगात नाहीत.

रंगीत चित्राच्या कागदाला द्यायच्या सरस-तुरटीच्या पाण्यात जास्त तुरटी घालणं. तुरटी सरसापेक्षा कमीच हवी, नाहीतर कागद ठिसूळ होतो.

कुंचला टोक वर करून वाळवणं. पाणी मुळाशी उतरतं आणि केस गळतात. टांगून ठेवा.