पंपाखालची माती तपासताय? या चुका टाळा

जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल गळलंय का ते बघायला सोलापूर भागात पेट्रोल पंपाखालची माती आणि शेजारच्या विहिरी तपासत फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली. चुका मोजक्याच, पण दर वर्षी नवी पोरं त्याच करतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पाण्यासाठी बोअर मारणारी गाडी बोलवायची आणि तिच्या चुऱ्यातूनच मातीचा नमुना उचलायचा. काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण, तेव्हा खोल जायला हॅमर लागतो हे मान्य. पण हॅमर हवेवर चालतो आणि वंगण म्हणून त्या हवेत तेल सोडलेलं असतं. त्यामुळे बेंझिन, टोल्युइन असं पेट्रोलमधलं जे उडून जाणारं असतं ते हवेबरोबर निघून जातं, आणि जे जमिनीत नव्हतंच ते नमुन्यात येऊन बसतं.

अक्कलकोट रोडच्या बाजूला एका जागेचा रिपोर्ट माझ्याकडे आला. जितकं खोल, तितकं तेल जास्त. मालकाची झोप उडाली होती. मला खटकलं ते असं की चढावरच्या कोपऱ्यातल्या, टाकीपासून लांबच्या बोअरमध्येही तेवढंच तेल होतं. मी लॅबकडून तपासणीचा आलेख मागवला, त्यात हलकं तेल आधी दिसतं, जड मागाहून. पेट्रोल असतं तर टोकदार शिखरं सुरुवातीलाच दिसली असती. इथे शेवटाकडे नुसता जाड फुगवटा, म्हणजे वंगणाचं तेल. गाडीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, खाली दगड लई कडक लागला, म्हणून तेल वाढवलं की!" एवढ्या दोन शब्दांसाठी मालकाचे पैसे आणि महिना गेला.

तेव्हापासून मुरूम लागेपर्यंत मी हाताने ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, फिरवतो. पोरं कुरकुरतात, दंड दुखतात, पण माती खरी मिळते. आणि गाडी लागलीच तर काम सुरू व्हायच्या आधी तिच्या डब्यातलं थोडं तेल बाटलीत भरून लॅबला पाठवतो, म्हणजे पुढे भांडण नको.

दुसरी चूक बाटलीची. मे महिना, पारा बेचाळीसवर, पाण्याची प्लॅस्टिकची बाटली अर्धी भरून गाडीच्या डिकीत, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या लॅबमध्ये. रिपोर्ट येतो, 'आढळले नाही'. कसं आढळणार? ते होटगी नाक्यापर्यंतच उडून गेलं असणार. यासाठी 40 मिलीची काचेची कुपी येते. ती काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. एक जरी बुडबुडा वर सरकला तरी नवी कुपी घ्यायची. नमुना टिकावा म्हणून कुपीत आधीच आम्लाचे थेंब असतात. स्वच्छतेच्या हौसेने ती विसळली की आम्ल गेलं. मग बर्फात, साधारण 4 अंशांवर ठेवून 14 दिवसांच्या आत लॅबला. बर्फ पिशवीत बांधून ठेवा, सुटा नको. वितळला की लेबलं तरंगायला लागतात. आणि त्या पेटीत जेवणाचा डबा ठेवणारा माणूस मी पुन्हा सोबत नेत नाही.

जमिनीचा उतार बघून 'तेल त्या बाजूलाच गेलं असेल' असं ठरवणारेही खूप. आपला पाषाण एकसंध नाही. पाणी भेगांमधून वाट काढतं आणि ती वाट रस्त्याचा उतार विचारत नाही. निदान तीन बोअर घ्या, प्रत्येकाच्या केसिंगच्या, म्हणजे बोअरमधल्या पाइपाच्या, तोंडाची लेव्हल घ्या, तिथून पाणी किती खोल ते मोजा, मग दिशा बोला. उन्हाळ्यात काळी माती फाटते, तेव्हा सांडलेलं पेट्रोल त्या भेगांतून थेट खाली उतरतं. वर माती स्वच्छ दिसली म्हणून खाली स्वच्छ असेलच असं नाही.

बोअरमध्ये अर्धा फूट तेल दिसलं म्हणजे जमिनीतही अर्धा फूट थर आहे, असं लिहू नका. बहुतेक वेळा तो कमीच असतो.

एकदाच उन्हाळ्यात मोजून मोकळे होऊ नका, पाऊस झाल्यावर पुन्हा जा. पाणी वर चढलं की तेल त्याखाली अडकतं आणि तरंगणारा थर गायब होतो.

विहिरीवर इंद्रधनुषी तवंग दिसला की काडीने छेडा. तुकडे पडून तसेच राहिले तर लोखंडाच्या जिवाणूंचा. पुन्हा जुळला तर तेलाचा संशय घ्या.

माती पेटते का बघायला काडी ओढणाऱ्याला जागेवरून हाकला. हे मी पाहिलंय.

तेल कुठे संपतं नि पाणी कुठे लागतं ते दाखवणारा इंटरफेस मीटर नसेल तर पंपावरची वॉटर पेस्ट, म्हणजे पाणी लागलं की रंग बदलणारा लेप, दांड्याला लावा. रंग बदलतो तिथं पाणी, त्याच्या वर ओला दांडा दिसतो ते तेल.

आणि बोअरच्या आधी डिप रजिस्टर, म्हणजे टाकीतला साठा दांड्याने मोजून लिहिलेली वही, मागा, मग पंपावरचा सगळ्यात जुना माणूस गाठा. मालकाचा नकाशा म्हणत होता की जुनी टाकी ऑफिसमागे. पेट्रोल भरणाऱ्या एका म्हाताऱ्या फिलरने चप्पल काढली, तिच्या टोकाने हवेच्या मशीनशेजारी मातीत गोल काढला नि म्हणाला, "हितं." ऑगर तीन फुटांवर पाइपाला खटकन लागला.