कोमो सरोवर ते चिंक्वे तेर्रे, एका दिवसात रेल्वेने: या चुका टाळा

सकाळी सरोवराकाठी कॉफी आणि सूर्य मावळायच्या आत समुद्रात पाय, हा इटलीतला बेत कागदावर अगदी सोपा दिसतो. सरोवराकाठच्या वारेन्ना गावाहून मिलानो (मिलान) तासाभरापेक्षा थोडं जास्त, तिथे गाडी बदलायची, मग मोन्तेरोस्सोपर्यंत साधारण तीन तास. चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्रकाठची पाच गावं, मोन्तेरोस्सो त्यांतलं एक. मधला वेळ धरून पाच-सहा तासांत काम झालं. आम्ही दोघांनी मागच्या मे महिन्यात हेच केलं आणि खाली लिहिलेल्या चुकांपैकी तीन स्वतः केल्या. त्यातल्या दोन तर आम्ही जन्मभर रेल्वेने फिरत आलो म्हणूनच झाल्या. कल्याणला ज्याची गाडी चुकत नाही तो मिलानोत आरामात राहतो, आणि तिथेच फसतो.

कोमो सरोवर म्हणजे कोमो गाव नव्हे

पहिली गडबड घरी बसूनच होते. हे सरोवर उलट्या ‘वाय’सारखं आहे. कोमो गाव त्याच्या नैर्ऋत्येच्या टोकाला, तर वारेन्ना पूर्व किनाऱ्यावर साधारण मध्यावर. दोन्हीकडे जायला मिलानोहून वेगवेगळे रेल्वेमार्ग आहेत. कोमोची गाडी पकडून ‘पुढे वारेन्नाला उतरू’ म्हटलं तर ते होत नाही. वारेन्नासाठी लेक्कोवरून तिरानोकडे जाणारी गाडी लागते आणि स्टेशनचं नाव पाटीवर ‘वारेन्ना-एसिनो-पेर्लेदो’ असं लांबलचक असतं.

दुसरा घोळ सरोवराकाठच्याच बेल्लाजो गावाचा. फोटो पाहून सगळे तिथे हॉटेल घेतात, पण बेल्लाजोला रेल्वेच नाही. वारेन्नाला बोटीने यायचं, बोटीला पंधरा-वीस मिनिटं, हंगामात तिकिटाच्या रांगेला त्याहून जास्त. धक्क्यावरून स्टेशनपर्यंत चढ आहे आणि वाट फरसबंदीची. मोठ्या बॅगेची चाकं त्या दगडांवर असा आवाज करतात की अख्ख्या गावाला कळतं पाहुणे निघाले. ज्या दिवशी समुद्राकडे निघायचं, त्याच्या आदल्या रात्री मुक्काम वारेन्नातच ठेवा. थेट गाडी चुकली तर पुढचीसाठी तास-दोन तास बसावं लागू शकतं.

पाटीवर आपल्या गावाचं नाव शोधत बसणं

ही आमची मोठी चूक. मिलानो चेंत्राले हे 1931 सालचं प्रचंड स्टेशन, चोवीस फलाट, आणि रस्त्यावरून फलाटांपर्यंत बरंच वर चढून जावं लागतं. वर पोचलो, मान मागे टाकून पाटी वाचायला लागलो. ‘मोन्तेरोस्सो’ कुठेच नाही. नवरा म्हणाला, “अगं, रद्द झाली वाटतं.” मी म्हटलं, “जरा धीर धर.” दहा मिनिटांनी लक्षात आलं की आम्ही ‘आर्रिव्ही’ची पाटी वाचत होतो, म्हणजे येणाऱ्या गाड्यांची. जाणाऱ्यांची ‘पार्तेन्त्से’. छापील वेळापत्रकही लावलेलं असतं. त्यात पिवळा कागद जाणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. एवढा रंग लक्षात ठेवला तरी पुरे.

पण बरोबर पाटी सापडली तरी त्यावर मोन्तेरोस्सो नसतंच. ठळक अक्षरात असतं गाडीचं शेवटचं स्टेशन, लिवोर्नो किंवा ग्रोस्सेतो. दिव्याला उभं राहून ‘रोहा’ लिहिलेल्या गाडीत पेणला जायला आपण बसतो, तसंच. म्हणून नाव शोधू नका, तिकिटावरचा गाडी नंबर आणि सुटायची वेळ जुळवा. फलाट नंबर, ज्याला तिथे ‘बिनारियो’ म्हणतात, तो गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, आणि शेवटच्या क्षणी बदलूही शकतो. पाटीवर ‘रित’ दिसलं तर तेवढी मिनिटं उशीर. ‘कान्चेल्लातो’ किंवा ‘सोप्प्रेस्सो’ दिसलं तर गाडी रद्द, सरळ खिडकी गाठा.

इथे एक सापळा आहे. जेनोव्हापर्यंत (म्हणजे जिनोआ) एकत्र जाऊन दोन विरुद्ध दिशांना फुटणाऱ्या गाड्या मिलानोहून सुटतात. वेंतिमिल्याची गाडी जेनोव्हाहून पश्चिमेला फ्रान्सच्या सीमेकडे जाते. आपल्याला पूर्वेला, चिंक्वे तेर्रेच्या पलीकडच्या ला स्पेत्सिया शहराच्या बाजूला जायचंय. ‘जेनोव्हावरून जाते ना, मग बसू’ असं म्हणून चढलेलं एक जोडपं आम्हाला दुसऱ्या दिवशी भेटलं. चुकून बसलातच तर जेनोव्हा पियात्सा प्रिंचिपेला उतरा, पुढे जाऊ नका. तिथून योग्य दिशेच्या गाड्या मिळतात, फक्त नवं तिकीट काढायची तयारी ठेवा.

तिकीट काढलं म्हणजे झालं, असं समजणं

मिलानोहून पुढची लांब पल्ल्याची गाडी म्हणजे इंटरसिटी. तिच्या तिकिटावर गाडी, डबा, आसन सगळं ठरलेलं असतं; ते तसंच घेऊन बसायचं. ते आधी काढलं तर स्वस्त पडतं, पण सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, त्यामुळे बेत पक्का झाल्यावरच काढा. वारेन्ना-मिलानोची गाडी मात्र प्रादेशिक. तिचं भाडं ठरलेलं, आसन राखीव नाही, आधी काढून काही वाचत नाही.

प्रादेशिक गाडीचं छापील तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा छाप मारावा लागतो. छाप नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड. “मी परदेशी पाहुणा, मला माहीत नव्हतं” हे तिथल्या तपासनिसाने सकाळपासून दहा जणांकडून ऐकलेलं असतं. पेटी बंद असली तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशन लिहा. आणि विसरून चढलात तर तपासनीस आपल्यापर्यंत यायची वाट न बघता आपणच उठून त्याला गाठा. समोरून आलेल्या माणसाशी कोणीही जरा नरमाईने बोलतं. त्रेनितालिया या इटलीच्या रेल्वे कंपनीच्या ॲपवर प्रादेशिक तिकीट काढलं असेल तर चढण्यापूर्वी त्यात चेक-इन करावं लागतं.

तिकीट यंत्रापाशी गोड बोलून ‘मदत’ करायला येणाऱ्यांना नकार द्या. बटणं इंग्रजीतही असतात.

जोडगाडीसाठी फक्त वीस मिनिटं ठेवणं

दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या गाडीचा उशीर हा आपला प्रश्न, दुसऱ्या गाडीचा नव्हे. सरोवराकाठचा मार्ग बऱ्याच ठिकाणी एकेरी आहे; समोरची गाडी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि दहा मिनिटं सहज जातात. मी तर मिलानोत तासभर ठेवा म्हणेन. त्यात खाणंही होतं. गाडीत ‘चाय-चाय’ करत कोणी येईल या भरवशावर राहू नका. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात नेल्या होत्या, आणि पाव्हियाच्या आसपास पाण्याने भरलेली भातखाचरं बघत त्या खाल्ल्या. मे महिन्यात, तेही इटलीत, जुलैतलं मावळ.

निघायच्या दोन दिवस आधी ‘शोपेरो’ म्हणजे संप आहे का, ते बघा. संप आधी जाहीर करतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतातच. संप असेल तर सकाळच्या त्या पट्ट्यात मिलानो गाठा, बाकीचं तिथून बघता येतं.

डबा न बघता चढणं

आपल्याकडे फलाटावर डब्याची जागा दाखवतात, त्याची सवय झालेली. तिथे ‘कारोत्सा’ म्हणजे डबा आणि ‘पोस्तो’ म्हणजे आसन. डब्याचा नंबर दाराजवळ लिहिलेला असतो. दोन बॅगा घेऊन आतून पाच डबे चालायचे की बाहेरून, हा वाद आम्ही गाडीत घातला. बाहेरून चाला. प्रादेशिक गाडीचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. दारासमोर सभ्यपणे उभं राहून गाडी गेलेली पाहिलेले लोक आहेत.

बोगद्यात थांबलेली गाडी

मिलानोहून येणाऱ्या इंटरसिटी मोन्तेरोस्सोला थांबतात, पण पाचही गावांत नाही. वेर्नात्साला जायचं असेल तर मोन्तेरोस्सोला उतरून छोटी गाडी घ्या. ला स्पेत्सियापर्यंत जाऊन परत येऊ नका. रिओमाज्जोरेला मात्र ला स्पेत्सियाहूनच जवळ. कोर्निल्याला खोली घेण्याआधी दोघांचे गुडघे विचारात घ्या, कारण स्टेशन खाली आणि गाव वर, मध्ये पावणेचारशेहून जास्त पायऱ्या.

छोट्या गाडीत एक गंमत होते. वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरेचे फलाट डोंगराच्या मधोमध, त्यामुळे गाडीचे काही डबे बोगद्यातच थांबतात. खिडकीबाहेर काळोख दिसला की आपल्याला वाटतं सिग्नल नसेल, आणि तेवढ्यात स्टेशन निघून जातं. गावागावांत अंतर काही मिनिटांचंच, तेव्हा आधीच्या स्टेशनपासूनच बॅग हातात घेऊन दारापाशी या. पुढे गेलातच तर पुढच्या गावी उतरून परतीची गाडी घ्या. दिवसभराचं, रेल्वेप्रवास धरलेलं चिंक्वे तेर्रे कार्ड असेल तर नवं तिकीटही लागत नाही.

डाव्या बाजूची आसनं

वारेन्नाहून मिलानोकडे येताना सरोवर उजवीकडे. जेनोव्हानंतर समुद्रही उजवीकडे. आम्ही इंटरसिटीत हौसेने डाव्या खिडकीची आसनं निवडली होती, का ते आता दोघांनाही आठवत नाही. 1874 साली पूर्ण झालेला हा किनाऱ्याचा मार्ग बोगद्यांनी भरलेला आहे. समुद्र दिसतो तो दोन बोगद्यांच्या मधल्या चार-पाच सेकंदांत: निळं पाणी, एक होडी, कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल. समोरच्या आजीबाईंनी आमची तडफड बघून सरकून जागा दिली. नवऱ्याने फोन काढून कॅमेरा उघडेपर्यंत पुढचा बोगदा आला होता. फोटोत आम्ही दोघं आहोत, काचेतल्या प्रतिबिंबात, आणि मागे निव्वळ काळोख.