हरणाच्या शिकारीसाठी रायफलचं काडतूस कसं निवडावं

भारतात हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा. हे लिहितोय ते अमेरिकेत रीतसर लायसन्स काढून शिकारीला जाणाऱ्यांसाठी. पेनसिल्व्हेनियात रायफलचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) शनिवारी सुरू होतो. काडतुसांचं काम सप्टेंबरातच उरका.

१. आधी नळी वाचा. रायफलच्या नळीवर कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, कोरलेलं असतं. खोक्यावर आणि काडतुसाच्या बुडावर तेच हवं, अक्षरन् अक्षर. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकतं, आणि चाप ओढला की रायफल हातातच फुटते.

२. कॅलिबरवर फार डोकं शिणवू नका. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला .२४३, .२७०, .३०८, .३०-०६ यांपैकी काहीही पुरतं. खांद्याला धक्का सोसेल ते घ्या. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटले की नेम ढळतो, आणि जखमी जनावर रात्रभर रानात तडफडतं.

३. गोळी नीट पारखा. काडतुसात केस (बाहेरचं कवच), दारू, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) असं सगळं असलं तरी हरणापर्यंत पोचते ती फक्त टोकाची गोळी. फुल मेटल जॅकेट (टोकासकट धातूने मढवलेली गोळी) स्वस्त पडते, पण ती न पसरता आरपार जाते. हरीण पळत राहतं आणि रक्ताचा मागही नीट मिळत नाही. सॉफ्ट पॉइंट घ्या. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. अंगात शिरताच ती छत्रीसारखी उघडते. वजन ग्रेनमध्ये लिहिलेलं असतं: .२४३ साठी १०० ग्रेन, .२७० साठी १३०, .३०८ साठी १५०, म्हणजे जेमतेम १० ग्रॅम.

जुनी .३०-३० लिव्हर रायफल असेल, तर मॅगझिन (काडतुसं भरायचा कप्पा) नळीसारखं असतं आणि काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते, आणि धक्क्याने ते आतच उडू शकतं. तिथे बोथट टोकाचीच घाला.

४. शिसं की तांबं? माझं मत स्पष्ट आहे: घरी हरणाचं मांस शिजणार असेल, तर शिशाच्या सॉफ्ट पॉइंटऐवजी तशीच पसरणारी तांब्याची गोळी. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे कण जखमेपासून बरेच दूर मांसात रुततात. ते दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत, फक्त एक्स-रेत पांढरे ठिपके उमटतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान दिलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं होतं. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं शिशाने मरत होती. तिथे जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर यात तडजोड नको. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून .३०८ मध्ये १५० ऐवजी १३० ग्रेनची आधी वापरून बघा.

५. रेंजवर जा. दोन-तीन कंपन्यांचा एकेक खोका घ्या आणि १०० यार्डांवरून प्रत्येकातल्या तीन-तीन गोळ्या झाडा. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून वीतभर जागा असते. माझ्या रायफलीने एका खोक्याच्या गोळ्या पंजाभर पसरवल्या. दुसऱ्याची तिन्ही भोकं बांगडीच्या आत होती. वजन दोन्हींचं सारखंच. जमलेल्या खोक्यावरचा लॉट नंबर टिपा, त्याच लॉटचे आणखी दोन खोके आणा, आणि रायफलीवरची दुर्बीण त्यांच्यावरच पुन्हा जुळवून घ्या.