बातमी वाचा, पण आपल्या मशीन्सची यादी समोर ठेवून

सिस्टीम ॲडमिनच्या कामाला नुकतीच सुरुवात केलेली मुलंमुली मला दोन प्रश्न हमखास विचारतात. टेक्नॉलॉजीच्या एवढ्या बातम्या येतात, त्यातल्या वाचायच्या कुठल्या? आणि कुठलं टूल शिकलं की नोकरी पक्की? दोन्हींचं उत्तर मी एकाच जागेवरून सुरू करतो. आपल्या ताब्यात कुठली मशीन्स आहेत, त्यांवर काय चालतं, कुठली आवृत्ती चालते आणि ते मशीन कुठल्या विभागाचं आहे, याची यादी आधी करा. अंधेरीतलं लहानसं ऑफिस असो की ऐरोलीतलं डेटा सेंटर, ज्याच्याकडे अशी यादी असते तो बातमी आल्यावर कामाला लागतो. बाकीचे एकमेकांना फॉरवर्ड पाठवत बसतात.

डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजे या जावा प्रोग्रामच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या लायब्ररीतल्या भेगेची बातमी आठवा. त्या भेगेचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८. सुधारित आवृत्ती लवकर आली आणि ती बसवणंही फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे हे शोधणं. ती कुणी मुद्दाम बसवलेली नसायची. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या आत एक जार फाइल (जावा प्रोग्रामचं गाठोडं), तिच्या आत दुसरी, आणि त्या दुसरीत ही. सुटलेला पॅच आणि बंद झालेली भेग यांच्यामधलं अंतर त्या आठवड्यात ज्याने पाहिलं, त्याला यादीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

मथळा आणि घटना यांतही असंच अंतर असतं. १९ जुलै २०२४ ला सकाळी पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे मुंबईत लोकलमधून उतरून माणसं ऑफिसात शिरतात त्या वेळेला, जगभरातल्या विंडोज मशीन्स निळ्या पडू लागल्या, म्हणजे बिघाडाचा निळा स्क्रीन दाखवून बंद पडू लागल्या. टीव्हीवर "मायक्रोसॉफ्ट ठप्प" असं चाललं होतं. खरं कारण होतं क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल. आदल्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये अमेरिकेतल्या एका विभागात स्वतंत्र बिघाड झाला होता आणि बातम्यांत दोन्ही एकत्र कालवले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीन्सना फटका बसला. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो सगळ्यांनी पाहिले.

नवीन माणसाने त्या फोटोंच्या पुढे जावं असं मला मनापासून वाटतं. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तरी काम पुढे कित्येक दिवस चाललं, कारण जी मशीन्स सुरूच होत नव्हती त्यांच्यापर्यंत दुरुस्ती नेटवर्कवरून पोचणार कशी? प्रत्येक मशीन सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये) नेऊन ती फाइल हाताने उडवावी लागत होती. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर आधी ते उघडणारी रिकव्हरी की हवी, आणि ती ज्या सर्व्हरवर ठेवलेली तोच निळा. आणखी एक गोष्ट फार कमी जणांनी लक्षात घेतली. अनेक कंपन्यांनी काळजीपूर्वक "एक आवृत्ती मागे राहू" अशी सेटिंग ठेवली होती. ती सेटिंग मुख्य सॉफ्टवेअरला लागू होती, रोज येणाऱ्या या डेटा फाइल्सना नाही. म्हणून कुठलंही सुरक्षा सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला मी हेच विचारतो: तुमचं काय काय आमच्या परवानगीशिवाय आमच्या मशीनवर येतं?

बंद मशीनपर्यंत पोचायच्या प्रश्नाला मुंबईत पावसाचीही जोड आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्यानंतर तळमजल्यावर सर्व्हर ठेवायचा विचार शहाण्या माणसाने सोडला. पण माणूस पोचेल का, हा प्रश्न दर जुलैला उरतोच. सर्व्हरला आयड्रॅक किंवा आयएलओसारखा, विंडोज सुरू होत नसली तरी दुरून मशीन हाताळता येणारा वेगळा रिमोट कन्सोल असेल, तो चालू असेल आणि त्याचा पासवर्ड कुणाला तरी माहीत असेल, तर डोंबिवलीत घरी बसून सेफ मोड गाठता येतो. नव्या नोकरीतल्या पहिल्याच महिन्यात तो कन्सोल उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी तो घेतलेला असतो, त्याची केबल मात्र लावलेली नसते.

आता याच्या उलट, धोका वेळेवर सापडल्याचं उदाहरण. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा पेरला आहे. त्याला तो सापडला कसा? एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून सुरक्षितपणे शिरायच्या मार्गाने, लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयूही जास्त खर्च होतोय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली आमच्या पेशातली ही सगळ्यात मोठी कामगिरी आहे, आणि ती "जरा हळू चालतंय" या तक्रारीतून झाली, जी तक्रार आपण रोज टिकिटात वाचतो.

त्या वेळचे मथळे "सगळं लिनक्स धोक्यात" अशा सुरात होते. प्रत्यक्षात चोरदरवाजा फक्त ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत होता, आणि त्या डेबियन या लिनक्सच्या टेस्टिंगमध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) किंवा फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबलवर, म्हणजे रोजच्या वापराच्या आवृत्तीत, नव्हत्या. पॅकेजची आवृत्ती बघायला दोन मिनिटं लागतात. ती बघून वरिष्ठांना "आपल्याकडे नाही, ही तपासणीची नोंद" असं लिहून पाठवणारा ज्युनियर मला पाच सर्टिफिकेशनवाल्यांपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

घबराटीचं असंच एक प्रकरण डिसेंबर २०२० मधलं. डॉकर ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधतं, आणि अशा इमेज अनेक मशीन्सवर चालवायचं काम कुबरनेटिस करतं. "कुबरनेटिस डॉकर सोडणार" अशी बातमी फिरली आणि लोकांना वाटलं, डॉकर शिकण्यात घालवलेले महिने वाया गेले. सुटत होता तो दोघांना जोडणारा डॉकरशिम नावाचा छोटा थर, आणि तोही २०२२ मध्ये १.२४ या आवृत्तीत निघाला. डॉकरने बांधलेल्या इमेज पूर्वीसारख्याच चालत राहिल्या. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या बातमीने मात्र खरंच काम वाढवलं: सेंटॉस लिनक्स ८ या मोफत लिनक्सचा आधार (सुधारणा मिळत राहणं) २०२९ ऐवजी ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. ज्यांनी ती वेळेवर वाचली त्यांना अल्मालिनक्स किंवा रॉकी या तसल्याच लिनक्सवर जायला वर्षभर मिळालं.

अशा रुक्ष बातम्या चुकवू नका. एप्रिल २०२२ मधले सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश घ्या: ठरलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, मशीन्सची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. बीकेसीतल्या कुठल्याही बँकेत किंवा ब्रोकरकडे काम करायचं असेल तर कुठल्याही नव्या प्रोग्रामिंग भाषेच्या घोषणेपेक्षा हे जास्त कामाचं. दोन सर्व्हरच्या घड्याळांत चार मिनिटांचा फरक असेल तर कशानंतर काय घडलं हे लॉग जुळवून सांगताच येत नाही.

किंवा सर्टिफिकेटची मुदत. टीएलएस सर्टिफिकेट, म्हणजे वेबसाइट खरी असल्याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला, जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं असायचं. ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. म्हणजे एक्सेलमध्ये तारखा लिहून वर्षातून एकदा सर्टिफिकेट बदलायची पद्धत संपली. सर्टिफिकेट आपोआप बदलण्याची एसीएमई पद्धत काय आहे, ती वापरणारं सर्टबॉट कसं चालतं, हे आता शिकलात तर पुढची काही वर्षं ते रोज लागेल.

टूल्सबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती इथे मांडतो. व्हीआय हे फाइलमधला मजकूर बदलायचं टूल शिका, कारण तुटलेल्या मशीनवर ते बहुतेक असतंच. बॅश, म्हणजे लिनक्सवर कमांड आणि स्क्रिप्ट लिहायची भाषा, शिका, पण स्क्रिप्ट पानभर वाढली, त्यात याद्या आणि चुकांची हाताळणी आली, की पायथनकडे वळा. फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट शिका आणि स्क्रिप्टच नव्हे तर कॉन्फिगही (सेटिंगच्या फाइल्स) त्यात ठेवा; "काल काय बदललं?" या प्रश्नाला गिटइतकं सरळ उत्तर कुणी देत नाही. अनेक मशीन्स एकसारख्या ठेवायला मी अँसिबल पसंत करतो. समोरच्या लिनक्स मशीनवर वेगळा एजंट (आधीच बसवून ठेवायचा प्रोग्राम) लागत नाही, एसएसएच आणि पायथन असलं की पुरतं. सर्व्हर आणि क्लाउडची मांडणी फाइलीत लिहून उभी करणारं टेराफॉर्मही जरूर शिका, मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू फुटून निघालं हे माहीत असू द्या. मूळ कल्पना दोन्हींत एकच आहे, म्हणून शिकलेलं वाया जात नाही.

टूलपेक्षा खालचा थर कळणं मोठं आहे. मुलाखतीत मी एकच प्रसंग खोलात विचारतो: डिस्क भरली अशी तक्रार आलीय. डीएफ कमांड शंभर टक्के दाखवते, पण डीयूने फोल्डर मोजले तर बेरीज निम्मीच येते. कुठे गेली जागा? ज्याने हे पाहिलंय तो सांगतो की कुणीतरी मोठी लॉग फाइल उडवली, पण ती उघडून बसलेली प्रोसेस अजून चालू आहे. फाइलचं नाव गेलं, जागा सुटली नाही. एलएसओएफ या उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या कमांडने ती प्रोसेस शोधून रीस्टार्ट करायची. मग मी पुढे विचारतो: डीएफ जागा शिल्लक दाखवतंय, तरी नवी फाइल बनत नाही, तेव्हा? तिथे आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे एक लागणाऱ्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात, बहुधा एखाद्या ॲपने लाखो चिमुकल्या सेशन फाइल्स साठवल्यामुळे. या दोन उत्तरांमागे फाइल सिस्टीमची समज आहे, आणि ती कुठल्याही नव्या टूलमध्ये कायम उपयोगी पडते.

एआयबद्दल थोडक्यात. अनोळखी एरर समजून घ्यायला, स्क्रिप्टचा पहिला खर्डा लिहून घ्यायला मी ते वापरतो आणि वापरा असंच सांगतो. पण दिलेल्या कमांडमधला प्रत्येक पर्याय मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) पाहिल्याशिवाय प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मशीनवर, चालवू नका, आणि ग्राहकाचे लॉग, पासवर्ड, आयपी पत्ते त्यात चिकटवू नका.

वाचायचंच असेल तर नव्या टूलच्या घोषणांपेक्षा बिघाडानंतर कंपन्या स्वतः लिहितात ते अहवाल वाचा. गिटलॅबचा ३१ जानेवारी २०१७ चा अहवाल तर प्रत्येकाने वाचावा. चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची फोल्डर उडवली गेली, आणि बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था असूनही ऐन वेळी बहुतेक कामाला आल्या नाहीत. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. डेटाबेसचा रोजचा बॅकअप आवृत्तीच्या फरकामुळे गुपचूप अपयशी होत होता आणि त्याच्या इशाऱ्याच्या ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हत्या. हे सगळं त्यांनी उघडपणे लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

सरावासाठी महागडं काही लागत नाही. लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप घ्या, रॅम वाढवा, डेबियन टाका, त्यावर दोन-तीन व्हीएम (आभासी मशीन्स) उभ्या करा. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे धडे मराठी आवाजातही आहेत, फुकट. एका व्हीएमवर पोस्टग्रेस चालवा, दुसरीवर त्याचा बॅकअप जाऊ द्या. मग एका रविवारी पहिली व्हीएम पूर्ण पुसून टाका आणि बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करा. किती वेळ लागला, कुठे अडलात, कुठली फाइल बॅकअपमध्ये नव्हतीच, हे वहीत लिहा. ती वही मुलाखतीला सोबत आणा. मी रेझ्युमेच्या आधी ती वाचेन.