दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन विकताना

पाच एकरांचं वावर दर वेळी उतारा कमी आला म्हणूनच तोट्यात जातं असं नाही. नागपूर जिल्ह्यात काटोल, सावनेर, हिंगण्याकडे हिशेब बिघडतो तो बहुधा याच दिवसांत. मळणीवाला, मजूर, कृषी केंद्राची उधारी आणि दिवाळी एकदमच दारात येतात, आणि घरात विकण्यासारखं असतं ते फक्त सोयाबीन. मग पोती थ्रेशरवरूनच नागपूरच्या कळमना बाजारात जातात. माल ओला, यार्डात आवक तुडुंब, आणि भाव व्यापारी म्हणेल तो.

देणं भागेल तेवढंच काढा. बाकीच्याला ताडपत्रीवर दोन-तीन उन्हं द्या. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. हमीभाव केंद्रावरही तीच अट असते. मीटर नसेल तर दाणा दाताखाली धरा. कटकन फुटून दोन डाळी झाल्या तर वाळला. चेपला गेला तर अजून एक ऊन हवं.

नड फारच असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आपल्या बाजार समितीत सुरू आहे का, ते आधी विचारा. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. समजा ८० हजारांचा माल ठेवला, तर ६० हजार हाती येतात आणि सहा महिन्यांचं व्याज होतं १,८००. भाव क्विंटलमागे शंभर-दीडशेनं वाढला तरी हे व्याज निघतं. पडलाच तर तोटा आपला, हेही धरून चला. म्हणून सगळं सोयाबीन अडवून बसू नका.

पुढच्या वर्षाचं बियाणं मात्र आजच बाजूला काढा. त्याची मळणी थ्रेशरचे फेरे कमी ठेवून करा, सोयाबीनची साल फार नाजूक असते. पोती आपटू नका. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. ७० उगवले तर बियाणं चांगलं. बॅगेचे पैसे वाचतात, तीच लहान शेतकऱ्याची खरी कमाई.

रिकाम्या वावरात ओल असेल तर हरभरा लगेच टाका, बियाण्याला ट्रायकोडर्मा (मर रोगाला आवरणारी बुरशी) आणि रायझोबियम (नत्र देणारं जिवाणू खत) लावून.

संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तोडणीला येणारी फळं, व्यापाऱ्याला ठोक देताना इसार, तोडणीची तारीख आणि उरलेल्या फळांचं काय, हे कागदावर घ्या. आमचा बगीचा एकदा तोंडी सौद्यावर दिला होता. वरची चांगली फळं तोडून व्यापारी गेला तो गेलाच. बारीक माल आम्हीच ऑटोत घालून विकला.

कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाली की वेचणीची घाई होते. दव उडू द्या, मगच बाया लावा. सीसीआयकडे, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाकडे, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात, आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे कापसात जातात, म्हणून वेचताना कमरेला बांधायची ओटी सुती कापडाचीच वापरा. पहिल्या वेच्याचा पांढरा कापूस शेवटच्या कवडीत, म्हणजे डागी कापसात, मिसळू नका. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून करायच्या पीक नोंदणीत) कपाशीची नोंद झाली का, तेही सातबाऱ्यावर बघून घ्या.

फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून आणखी कापूस घेण्याचा, मोह धरू नका, तिच्यावर गुलाबी बोंडअळी पोसते. डिसेंबर सरला की वावरात शेळ्या-मेंढ्या सोडा, आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटली की धुऱ्यावर रचून ठेवू नका.