हौद्यात उतरण्याआधी

पोरगं तालमीत घातलं की आईबाप आधी खुराकाचं विचारतात. दूध किती, बदाम किती? मी म्हणतो, आधी नेलकटर घ्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वजनाच्या वेळीच नखं बघतात. आम्ही रोज पहाटे बघतो. नखं वाढलेली दिसली तर त्या दिवशी फक्त जोर-बैठका, लढत नाही.

मग माती. कोल्हापूरकडच्या तालमींत लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात. माती मऊ राहते, पण त्यानं सगळे जंतू मरतात या भरवशावर राहू नका. रोज खोऱ्यानं पूर्ण हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा आणि मागून एकानं खडे, काचा वेचायच्या. दबलेल्या मातीवर ढाक, म्हणजे समोरच्याला फेकण्याचा डाव, बसली की खांदा सोलवटतो, कधी निखळतोही. अंगावर उघडी जखम असेल तर हौद्यात पाय ठेवायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, ते प्रवेशाच्या वहीतच लिहून घ्या.

मॅटवर धूळ दिसत नाही, म्हणून ती स्वच्छ असते असं नाही. सरावाआधी आणि नंतर जंतुनाशकानं पुसा, आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओली राहू द्या. संडासात घातलेल्या चपला मॅटवर नकोत. लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवायचा, टॉवेल ज्याचा त्याचा.

गजकर्णाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण एका पोराचं सगळ्या तालमीला होतं. मेडिकलमधून आणलेल्या मिश्र मलमात बरेचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, चट्टा फिका पडतो, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि रोग पसरतच राहतो. त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा. ते हो म्हणेपर्यंत त्या पोराला अंगाला अंग लावू देऊ नका, कुस्त्यांचं मैदान चार दिवसांवर असलं तरीही.

सरावात कोण कोणाशी लढणार, ती जोड वस्तादानं लावायची. वजन, वय आणि आज कोण किती दमलाय, तिन्ही बघून. नव्या पोराला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवा: हनुवटी छातीला, हात टेकवायचा नाही. हात टेकवला की कोपर जातं. समोरच्यानं ‘थांब’ म्हटलं किंवा थाप मारली की पकड तिथंच सुटली पाहिजे. हे आधी थोरल्या पैलवानांकडून पाळून घ्या, धाकटे बघून शिकतात.

चुरगळलेल्या कानाचं पैलवानाची खूण म्हणून कौतुक करू नका. कान सुजला की पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडून कानात साठलेलं रक्त काढून घ्या. घरी सुई लावायची नाही.

वजन उतरवायला पाणी तोडू नका. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या आसपास तीन कॉलेज कुस्तीगीर असंच घाम काढताना गेले. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन लढतीच्या दिवशी सकाळीच होतं, त्यामुळे सुकलेल्या अंगानं लढावं लागतं. पोराला त्याच्या अंगच्या वजनगटात खेळवा.

डोकं आपटून पोरगं क्षणभर जरी भांबावलं, तर त्या दिवसाची लढत संपली. पुन्हा कधी उतरायचं ते डॉक्टर सांगतील. आणि मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत असं म्हणालं तर बगलेत हात घालून उठवायचं नाही. आहे तसं पडू द्या, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा.